नाव नसलेली डबी

डोळे मिटा पाहू. घट्ट नको, पापण्यांतून थोडा तांबूस उजेड आत येत राहील इतपतच. आता समजा, दुपार आहे. जेवणं झाली आहेत, भांडी धुऊन पालथी घातली आहेत आणि तुम्ही ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसला आहात. मांडीवर एक स्टीलची डबी आहे, मुठीत मावेल एवढी. उजव्या हातात छोटी छिन्नी आहे, डाव्या हाताशी छोटी हातोडी. डबी हलवली तर आवाज यायला हवा, पण येत नाही, कारण कुणीतरी आत कापूस भरला आहे.

दिसलं? आता ती खुर्ची मला द्या. तुम्ही पायरीवर बसा आणि ऐका. मला पेंग येते आहे, तेव्हा झोप लागायच्या आत डबी कुणाची ते सांगून टाकते.

तिला आपण ईश्वरी म्हणू. हे तिचं खरं नाव नाही. हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लिहा, पण नाव माझं नको. ईश्वरी लिहा. मला आवडतं ते." ती सातवीत आहे आणि खो-खो खेळते. पळता पळता ती अशी वळते की मागच्या मुलीच्या हाती नुसता वारा लागतो. मी शाळेत शिकवायचे तेव्हा तिची आई सुवर्णा माझ्या वर्गात होती. अजूनही मला बाई म्हणते.

ईश्वरीच्या रक्तात एचआयव्ही नावाचा विषाणू आहे. अंगाची राखण करणाऱ्या पेशी असतात ना, नेमक्या त्यांनाच तो मारतो. मग साधा ताप, साधा खोकला माणसाला झेपत नाही. ईश्वरी पोटात असताना सुवर्णाला आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं, म्हणून तो बाळाला गेला. पाठचा ओम पोटात होता तेव्हा तिला माहीत होतं. ती गोळ्या घेत होती. ओमला तो नाही. एकाच आईची ही दोन मुलं.

ईश्वरीही रोज एक गोळी घेते. गोळी चालू असली की विषाणू इतका दबून जातो की रक्त तपासलं तरी सापडत नाही. गोळी थांबली की तो पुन्हा डोकं वर काढतो, आणि मग तीच गोळी त्याला पुरी पडेल असं सांगता येत नाही.

आज सकाळी ईश्वरी माझ्याकडे आली होती. जिल्ह्याच्या गावी खो-खोचं शिबिर आहे, मुली संध्याकाळच्या एसटीनं निघणार आहेत. शिबिराला जाताना आपापलं ताट, वाटी, पेला न्यायचा आणि अदलाबदल होऊ नये म्हणून त्यावर नाव घालायचं. बाजारात नाव घालायचं यंत्र आहे, पण गावातली मुलं माझ्याकडे येतात. माझ्याकडे माझ्या भावाची छिन्नी आहे आणि मला घाई नसते.

तिनं ताट, वाटी, पेला पायरीवर मांडला. मग खिशातून डबी काढली.

"हिच्यावरपण नाव?" मी विचारलं.

"नाही. ही तुमच्याकडे ठेवा. मी परत आले की घेते."

"ईश्वरी, आत काय आहे?"

"तुम्हाला माहितीये की."

"मग घरी ठेवायची."

"घरी कशी ठेवू? आईनंच भरून दिलीये. सापडली म्हणजे?" तिनं ताटावरची नसलेली धूळ पुसली. "आजी, आधीच्या शाळेत एकीला कळलं होतं. तर मुली माझी पाण्याची बाटली सगळ्यांच्या बाटल्यांतून काढून खिडकीत ठेवायच्या. रोज. बोलायच्या काही नाहीत. नुसती खिडकीत. इथं तर सगळ्याजणी एका खोलीत झोपणार. मी कापूस भरून बघितला, वाजत नाही आता. पण खाताना तर दिसणारच ना?"

"दिसेल कदाचित."

"मग? थोडेच दिवस तर आहेत. मला काही होत नाही. एवढी पळते मी." ती उठली. "आईला सांगू नका हां."

सांगते असं मी म्हटलं नाही, सांगणार नाही असंही म्हटलं नाही. ती उड्या मारत गेली.

ताट झालं, वाटी झाली, पेला झाला. डबी मांडीवर तशीच आहे. समोरच्या फळीवर उन्हाची तिरीप आली आहे आणि तिथं माझ्या भावाचा जुना पेला चमकतो आहे. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी त्याचं नाव घातलेलं आहे आणि नावाच्या आधी एक फूल. मी त्या फुलाकडे बघते. पाकळ्या मोजायला जाते आणि मोजता मोजता

ठक. ठक. ठक.

"अक्का, छिन्नी अशी धरतात होय? पेन धरल्यागत?"

मी वर बघते. मी ओसरीवर नाही. भांड्यांच्या पेठेतल्या त्या जुन्या दुकानात आहे आणि समोर बुटक्या चौरंगाशी दिगू बसला आहे. दिगंबर, माझा पाठचा भाऊ. याच दुकानात तो भांड्यांवर नावं घालायचा. एचआयव्हीनं गेला, तुमचे आईवडील शाळेत जायचे त्या काळात. मी आता सत्तरीला आले, तो अजून तिशीतलाच आहे. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली आहे.

"म्हातारी झालीस की गं," तो म्हणतो.

"तू नाही झालास."

"मला कुठं सवड मिळाली." तो हसतो. ईश्वरीचं ताट त्याच्या हातात आहे. अंगठ्यानं अक्षरं चाचपतो. "एवढी वर्षं झाली, तुझ्या अक्षरांच्या माना अजून वाकड्याच. पोरीला चालतात का असली?"

"तिनं तक्रार केली नाही."

"भिडेखातर केली नसेल. बाई ना तू."

त्याच्यामागे फळ्यांवर भांडी रचलेली आहेत. आधी वाटतं, नेहमीचीच आहेत, लग्नातली, आहेराची. मग मी नीट बघते. प्रत्येक भांड्यावर एकच अक्षर आधी आहे. कै. कै. कै. कैलासवासी. माणूस गेलं की वर्षश्राद्धाला त्याच्या नावानं पेले, वाट्या, तबकं वाटतात आणि त्यांवर असं लिहितात. फळ्या छतापर्यंत गेल्या आहेत. छत कुठं आहे ते दिसत नाही.

"ही सगळी तू घातलीस?"

"मग कोण? आधी आधी म्हाताऱ्यांची नावं यायची. एखादं दुसरं. नंतर बघितलं तर काय, तिशीतली माणसं, पंचविशीतल्या बायका. एकाच घरातून आधी त्याचं, मग तिचं. कशानं गेले ते कुणी सांगायचं नाही. कावीळ म्हणायचे, टीबी म्हणायचे, करणी म्हणायचे. मी मुकाट्यानं घालायचो. हाताला इतकी सवय झाली, एकदा नवरदेवाच्या तांब्यावर आधी कै. घातलं."

"मग रे?"

"मग काय. नवरीकडची माणसं बाहेर चहा पीत होती. घाम फुटला मला. घातलेला ठिपका पुसता येत नाही, अक्का. एकच करता येतं, आणखी ठिपके घालायचे. त्या कै.ची मी कमळाची फुलं केली. लोक म्हणाले, वा, काय सुबक काम आहे."

तो हसतो, मीही हसते, आणि हसता हसता दुकानाची फरशी ओली होते. फिनेलचा वास येतो. फळ्या आता फळ्या नाहीत, खाटा आहेत. दवाखान्यातली लांब खोली आहे आणि खाटांच्या ओळी टोकाला जाऊन धूसर झाल्या आहेत. खाटांवर कुणी नाही. प्रत्येक खाटेखाली मात्र एक ताट आणि एक पेला आहे, घरून आणलेला.

दिगू वाकून एकेक पेला उजेडात धरतो आणि पुन्हा खाली ठेवतो.

"नाव कशासाठी घालतात गं, अक्का? तू शिकवतेस ना पोरांना? सांग."

"आपलं भांडं ओळखू यावं म्हणून."

"ओळखून काय करायचं?"

वर्गात धडा न आलेला मुलगा उभा राहतो तशी मी उभी आहे.

"घरी परत यावं म्हणून घालतात," तो म्हणतो. "पंगतीत सगळ्या गल्लीचे पेले एक होतात. सकाळी नावं बघून ज्याचे त्याच्या घरी पोचते करतात. वेगळं काढण्यासाठी नसतंच ते. परतीसाठी असतं." तो खोलीभर नजर फिरवतो. "आता ही बघ. सगळ्यांवर नावं आहेत. तरी कुणी घरी नेली नाहीत. माणसं गेल्यावर नातेवाईक यायचे आणि भांडी इथंच सोडून जायचे. हात लावायला भ्यायचे."

"आता तसं नाही, दिगू."

"खरं?"

"पुष्कळसं खरं. सगळं नाही."

मी त्याच्याबरोबर खाटांमधून चालते. कितीतरी वर्षं त्याला सांगायचं राहून गेलेलं आता सांगते आहे. जिल्ह्याजिल्ह्यात एचआयव्हीच्या औषधांची केंद्रं निघाली. गरोदर बायकांची तपासणी होते, आणि आईला वेळेवर गोळ्या मिळाल्या की बहुतेक बाळं मोकळी जन्मतात. पेठेतल्या दुकानात आता यंत्रावर बसणारा पोरगा कै. घालतो तो म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या नावांआधी. ज्यांच्या मागे श्राद्धाची भांडी वाटावी लागली असती ती माणसं स्वतःच जिवंत आहेत. गोळी घेतात, शेतावर जातात, पोरांची लग्नं करतात.

"किती गोळ्या?" तो विचारतो.

"एक."

"एका वेळेला एक?"

"दिवसाला एक."

तो थांबतो. तर्जनी वर करून माझ्याकडे बघतो. ते बोट तसंच वर राहतं आणि खोलीतला उजेड त्याच्या टोकावर गोळा होतो, पांढरा, गोळीएवढा. मग तो हात खाली घेतो.

"मग संपला म्हणायचा रोग."

"संपला नाही. कमी झालाय. अजून नवीन माणसांना होतो, अजून लोक तपासायला लाजतात. अजून बाटली खिडकीत ठेवतात."

"खिडकीत," दिगू म्हणतो, आणि खिडकी तिथंच आहे, आमच्या लहानपणीच्या घराची, निळ्या गजांची. गजांपलीकडे नदीच्या पायऱ्या दिसतात. खिडकीत त्याचा पेला आहे. नवा कोरा. नावाच्या आधी फूल नाही. तिथं कै. आहे.

मी त्या अक्षरावर बोट ठेवते.

"हो. मीच घातलं होतं," तो म्हणतो. "दवाखान्यातून आलो त्या दिवशी. घरात कुणी मला वेगळं हो म्हणालं नव्हतं. मीच पेला वेगळा केला, नाव घातलं, आणि म्हटलं, पुढचंही आत्ताच घालून टाकू. मागून कुणाला त्रास नको. आणि खिडकीत ठेवला."

पायऱ्यांवर आमची आई बसली आहे. पाठमोरी, भांडी घासते आहे. नदीचा आवाज नाही, फक्त राखेचा आणि हातांचा आवाज. ती उठते, पदराला हात पुसत खिडकीशी येते. गजांतून हात घालून तो पेला उचलते, माठातून भरते आणि पाणी पिते. सगळं. मग पेला पालथा करून शेवटचा थेंब खाली पडू देते आणि घरातल्या पेल्यांत नेऊन ठेवते. तिला वाचता येत नव्हतं. ते अक्षर काय आहे हे तिला माहीत नव्हतं. पण पेला कुणाचा आणि वेगळा का, ते पक्कं माहीत होतं.

"काय बोलली होती तुला?" मी विचारते.

"काही नाही. म्हणाली, भाकरी खाऊन घे, गार होतीय." दिगू पेला हातात घेतो. "त्याच रात्री फूल केलं त्याचं. ठिपक्यावर ठिपका. अंगात ताप होता, पाकळ्या नीट आल्या नाहीत. पण त्यानंतर मी पुष्कळ जगलो, अक्का. अजून दोन आंबे खाल्ले झाडाचे."

"दोन उन्हाळे म्हण."

"तेच ते. आंबे लक्षात आहेत."

खिडकीतून ऊन येतं आणि ते ऊन मैदानावरचं आहे. चुन्यानं आखलेलं खो-खोचं मैदान. दोन खांबांमध्ये मुली ओळीनं उकिडव्या बसल्या आहेत, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. त्यांच्यामध्येच बाह्या दुमडून दिगू बसला आहे. आणि ओळीमागून कुणीतरी पळतं आहे. ते दिसत नाही. फक्त माती उडते आणि "खो" असा श्वास ऐकू येतो. ज्याच्या पाठीवर हात पडतो तो उठतो, पळतो, पुढच्याच्या पाठीवर हात ठेवतो. खो. तो उठतो. खो.

"हा रोग असाच," दिगू मान न वळवता म्हणतो. "मला कुणी दिला ते मी कधी शोधत बसलो नाही. त्यालाही कुणीतरी दिलाच असणार. ओळ संपायची वाट बघत पळतो तो. पण ओळीत मधेच कुणी उठलंच नाही, तर?"

मी बघते. ओळीत ईश्वरी बसली आहे. तिच्या पाठीवर हाताचा ठसा आहे, जुना, ती एवढीशी होती तेव्हापासूनचा. तरी ती बसून आहे. तिच्या मांडीवर ती डबी आहे. तिच्या पलीकडे ओम बसला आहे आणि त्याची पाठ स्वच्छ आहे. ते न दिसणारं पळणारं तिच्यामागे येऊन अडतं. पुढे जायला त्याला वाट नाही.

आणि मग ती डबी तिच्या मांडीवर नाही. माझ्या हातात आहे.

दिगूनं ती माझ्याकडून केव्हा घेतली मला कळत नाही. आम्ही पुन्हा चौरंगाशी आहोत. आजूबाजूला दुकान नाही, मैदान नाही, फक्त चौरंग आहे आणि खाली राख पसरावी तसा करडा उजेड. त्यानं झाकणावर छिन्नी टेकवली आहे. हातोडी वर धरली आहे.

"बोला बाई," तो गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणतो. "काय घालायचं?"

मला तिचं नाव सांगायचं आहे. मला ते येतं. ती पाळण्यात होती तेव्हापासून येतं. पण तोंडातून आवाज निघत नाही.

"नाव सांगा. का आधी दुसरं काही घालू?" त्याची छिन्नी झाकणाच्या डाव्या कडेकडे सरकते, जिथून कै. सुरू होतं तिथं. "तुम्ही सांगितलं नाही तर हात आपोआप जातो माझा. सवय आहे."

"नको," मी म्हणते. आवाज फुटतो. "दिगू, नको. थांब."

"मग काय घालू?"

"ते माझ्या हातात नाही. डबी माझी नाही."

तो माझ्याकडे बघतो. फार दिवसांनी बघावं तसं, डोळे बारीक करून, आणि तो पुन्हा माझा धाकटा भाऊ होतो.

"मग जिची आहे तिला विचार की," तो म्हणतो. "मला काय विचारतीस?" आणि छिन्नी उचलायच्या आधी, जाता जाता, हातोडी एकदाच खाली येते.

ठक.

ठक ठक. फाटकाची कडी वाजते आहे. मी खुर्चीत आहे. मान आखडली आहे, चष्मा नाकावरून घसरला आहे. तिरीप फळीवरून खाली उतरून भिंतीच्या पायाशी आली आहे.

"आजी, झोपलात का?"

ईश्वरी आत येते. पाठीवर मोठी बॅग आहे, केस घट्ट बांधले आहेत, पायात नवे मोजे. सुवर्णा ओमला घेऊन थेट स्टँडवर येणार आहे, असं ती सांगते. ताट उचलते, माझी वाकडी अक्षरं वाचते. "मस्त झालं," ती म्हणते. भिडेखातर.

"बस जरा," मी म्हणते. "आत्ता माझ्या भावाला भेटले."

"तुमचा भाऊ? तो तर..."

"हो. स्वप्नात."

मी तिला सगळं सांगत नाही, गाडीची वेळ होत आली आहे. दुकान सांगते, खाटांखालची भांडी सांगते, नाव कशासाठी घालतात ते सांगते. आणि पेला. फळीवरून तो काढून तिच्या हातात देते. तिनं तो शेकडो वेळा पाहिला आहे. दर वेळी ते फूल आहे असंच तिला वाटलं आहे.

"ह्याच्याखाली कै. आहे?" ती बोटानं पाकळ्या चाचपते. "स्वतःच्याच नावाआधी?"

"हो. तेव्हा सगळ्यांना वाटायचं, आता दुसरं काही होणारच नाही."

"मग ते आजोबा गेले का?"

"गेले. आपल्याकडे गोळी यायच्या आधी गेले."

"आणि आली असती तर?"

"तर तुझं ताट आज त्यानं केलं असतं. माझी अक्षरं त्याला मुळीच आवडत नाहीत."

ती हसत नाही. पेला मांडीवर ठेवून बसून राहते. बाहेर रस्त्यावरून दोघी-तिघी मुली तिला हाक मारत स्टँडकडे जातात. ती हाकेला ओ देते, पण उठत नाही.

"विचारलं तर काय सांगू त्यांना?"

"काय सांगायचं ते तुझं तू ठरव. 'माझी रोजची गोळी आहे' एवढंही उत्तर पुरतं. जास्त सांगायचं तुझ्यावर बंधन नाही. पण ईश्वरी, एक आत्ताच सांगते, मागून नको. डबी इथं ठेवून गेलीस तर मी आईला सांगणार. गाडी सुटायच्या आधी."

तिचा चेहरा एकदम लाल होतो. "मग मला ठरव म्हणता कशाला? सांगायचंच आहे तर."

"कारण मी आईला न सांगता तू आपणहून न्यावीस, असं मला वाटतं."

ती माझ्याकडे बघत नाही. माझ्याजवळची डबी ओढून घेते, जरा रागानंच. झाकण उघडून आतला कापूस बघते, पुन्हा लावते. मग थांबते. झाकण उजेडाकडे तिरपं धरते.

"हा ठिपका तुम्ही घातला?"

मी चष्मा नीट करते. झाकणाच्या डाव्या कडेला एक ठिपका आहे. एकच. ताजा, लख्ख, टाचणीच्या डोक्याएवढा. सकाळी झाकण कोरं होतं.

"माहीत नाही गं," मी म्हणते. "छिन्नी माझ्याच हातात होती. डोळा लागला होता."

"आता हा पुसणार कसा?"

"पुसता येत नाही. पुढे आणखी घालता येतात फक्त."

ती त्या ठिपक्यावर अंगठा ठेवते. त्याखाली तो दिसेनासा होतो, अंगठा काढला की पुन्हा दिसतो. असं ती दोनदा करते. रस्त्यावरून पुन्हा हाक येते, आता लांबून. "आले," ती ओरडते, "माझी जागा धरा."

मग ती बॅग पाठीवरून उतरवते, पायरीवर मांडी घालते आणि हात पुढे करते. मी तिच्या हातात छिन्नी देते. ती पेन धरावं तशी धरते. हातोडीचा पहिला घाव निसटतो, दुसरा बसतो. त्या ठिपक्यापासूनच ती सुरुवात करते, जीभ दातांत धरून, एकेक करत, आणि झाकणावर स्वतःचं खरं नाव घालते. कान्याला दम नाही, शेवटचं अक्षर कडेला जाऊन चेपलं आहे. ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते तिच्या डबीवर आहे.

झाल्यावर ती झाकणावरून फुंकर मारते. डबी वाटीत ठेवते, वाटीवर पेला पालथा घालते, ते ताटात ठेवून टॉवेलात गुंडाळते, बॅगेच्या तळाशी सारते आणि चेन ओढते.

"आजी," ती फाटकाशी वळून विचारते, "परत आल्यावर ती छिन्नी नीट कशी धरायची ते शिकवाल?"

आणि माझं उत्तर ऐकायला न थांबता ती स्टँडकडे पळत सुटते.